'द प्रोसेस': गिटारपेक्षा करार नडला

स्किनी पपी या इंडस्ट्रियल बँडचा 'द प्रोसेस' हा अल्बम गिटारमुळे फसला असं म्हणतात, पण हे अर्धंच खरं. अमेरिकन रेकॉर्डिंग्ज या लेबलशी (रेकॉर्ड कंपनीशी) करार झाल्यावर व्हँकुव्हरचा हा बँड रेकॉर्डिंगला मालिबूत गेला आणि निर्माते बदलत राहिले: आधी रोली मोसिमन, मग मार्टिन ॲटकिन्स. अशा करारांत स्टुडिओचं भाडं, निर्मात्याची फी सहसा ॲडव्हान्समधून, म्हणजे लेबलने बँडला आगाऊ दिलेल्या पैशांतून जाते आणि तो ॲडव्हान्स बँडच्याच रॉयल्टीतून वळता होतो. म्हणजे निर्माता बदलायचा हट्ट लेबलचा असला तरी बिल बँडच्या खात्यावर! वर मुदत लांबली की खर्च आणखी फुगतो. जून १९९५मध्ये गायक ओगरने बँड सोडला, ऑगस्टमध्ये कीबोर्डवादक ड्वेन गोटेल ड्रगच्या ओव्हरडोसने गेला. उरलेलं काम बँडमधला केविन की आणि निर्माता डेव्ह ओगिल्वीने पुरं केलं. अल्बम निघाला १९९६ला. एवढ्या पडझडीत एकसंध ध्वनी कुठून येणार?