प्रसूतीतील इजा वेळेत ओळखली गेली नाही. दोन वर्षे उलटल्यावर दावा करता येतो का?

प्रश्न (सोलापूर)

माझी पहिली प्रसूती २ वर्षे ४ महिन्यांपूर्वी एका खासगी रुग्णालयात चिमटा लावून झाली. टाके घातले गेले, पण इजा किती खोल आहे हे कोणीही सांगितले नाही आणि डिस्चार्ज कार्डावरही केवळ ‘टाके घेतले’ एवढीच नोंद आहे. घरी आल्यापासून मला वायू रोखता येत नव्हता आणि शौचाची भावना झाली की स्वच्छतागृहापर्यंत पोहोचणे कठीण होई. सहाव्या आठवड्यात आणि त्यानंतर पुन्हा एकदा मी हे त्याच डॉक्टरांना सांगितले, तेव्हा पहिल्या बाळंतपणानंतर असे होतेच, हळूहळू बरे होईल, असे उत्तर मिळाले. पाच महिन्यांपूर्वी पुण्यात केलेल्या सोनोग्राफीत गुदद्वाराभोवतीचा स्नायू फाटलेला असून तो कधीच शिवला गेला नसल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते असे कळले. माझी वेळ निघून गेली आहे का?

उत्तर १ (स्त्रीरोगतज्ज्ञ, निवृत्त)

ताई, आपल्याला जे सहन करावे लागले त्याला ‘बाळंतपणात असे होतेच’ म्हणणे चुकीचे होते, हे आधी स्पष्टपणे सांगतो.

प्रसूतीत होणाऱ्या फाटण्याच्या चार श्रेणी मानल्या जातात. पहिल्या दोन श्रेणींत त्वचा आणि योनीलगतचे स्नायू फाटतात, तिसऱ्या श्रेणीत गुदद्वार आवळून धरणारा स्नायू फाटतो आणि चौथ्या श्रेणीत त्याच्या आतील अस्तरापर्यंत इजा पोहोचते. पहिली प्रसूती, चिमट्याचा वापर, वजनदार बाळ आणि लांबलेला कळांचा शेवटचा टप्पा यांमुळे हा धोका वाढतो. परंतु सर्व काळजी घेऊनही तिसऱ्या श्रेणीची इजा होऊ शकते, म्हणून केवळ स्नायू फाटला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. खरा प्रश्न त्यानंतरच्या अर्ध्या तासाचा आहे. टाके घालण्यापूर्वी पुरेशा उजेडात नीट पाहणे आणि गुदद्वारातून बोटाने तपासणे अपेक्षित असते. ही तपासणी झाली नाही, तर वरची त्वचा व्यवस्थित शिवली जाते आणि आतील स्नायू तसाच तुटलेला राहतो. वेळीच ओळखले असते, तर शस्त्रक्रियागृहात भूल देऊन स्नायूची टोके जोडता आली असती. उशिराची दुरुस्ती अधिक अवघड असते आणि तिचे यशही कमी खात्रीचे असते.

पुण्यातील तज्ज्ञांकडून स्नायूचा किती भाग तुटला आहे आणि इजा प्रसूतीची आहे असे त्यांना का वाटते, हे लेखी घ्या. पुढच्या गर्भारपणात सिझेरियनचा विचार करावा लागेल का, हेही त्याच भेटीत विचारा.

उत्तर २ (वकील, पुणे)

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ नुसार दावाकारण (ज्या घटनेमुळे दावा करता येतो ती) उद्भवल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. प्रसूतीचा दिवस धरला तर आपण चार महिने उशिरा आहात, निदानाचा दिवस धरला तर भरपूर वेळ आहे. याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा एक निकाल आपण आणि आपल्या वकिलांनी जरूर वाचावा. गोव्यातील एका परिचारिकेच्या पोटात मुंबईतील १९९३ मधील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर गॉज राहिला होता आणि तो २००२ मध्ये मुंबईतच सापडला. इजा दडलेली असेल, तर रुग्णाला ती कळली किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर कळली असती, त्या दिवसापासून मुदत मोजावी, हे तत्त्व न्यायालयाने विचारात घेतले. तरीही तक्रार मुदतबाह्य ठरली, कारण नऊ वर्षे वेदना होत असूनही तिने वेळीच शोध घेतला नाही, असे न्यायालयाला दिसले. आपली बाजू याहून भक्कम आहे, कारण आपण त्याच डॉक्टरांकडे दोनदा तक्रार केली होती. त्या भेटींचे केसपेपर, पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या, अगदी भेटीची वेळ ठरवल्याचे मोबाइलवरील संदेशसुद्धा जपून ठेवा. तरीही निदानाच्या तारखेवर विसंबून थांबू नका. तक्रार आत्ताच दाखल करा आणि सोबत विलंबमाफीचा अर्ज द्या.

त्याआधी रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून संपूर्ण अभिलेख मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार अंतर्रुग्णाचा (दाखल झालेल्या रुग्णाचा) अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करावा लागतो आणि मागणीनंतर ७२ तासांत द्यावा लागतो. म्हणजे आपल्याकडे सुमारे आठ महिनेच उरले आहेत. गुदद्वार तपासल्याची नोंद त्या कागदांत नसणे हाही महत्त्वाचा पुरावा आहे, म्हणून अर्जाची पोच अवश्य घ्या.

आपण राहता तेथील जिल्हा आयोगातच तक्रार करता येते. अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर रुग्णालयाला दिलेल्या मोबदल्यावर ठरते आणि ही रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ मत सक्तीचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच दुसऱ्या एका निकालात म्हटले आहे. पण आपल्या प्रकरणात वाद तपासणीच्या पद्धतीचा असल्याने ते मत नसेल तर तक्रार लंगडी पडेल.

उत्तर ३ (लातूर)

माझ्या बहिणीला असाच त्रास आहे, पण तिची प्रसूती शासकीय रुग्णालयात पूर्णपणे मोफत झाली. तिनेही ग्राहक आयोगातच जावे का?

उत्तर ४ (वकील, पुणे)

सर्वांनाच मोफत सेवा देणारे रुग्णालय १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. काही रुग्णांकडून शुल्क घेतले जात असेल, तर मोफत रुग्णही तक्रार करू शकतात, म्हणून ते आधी तपासा. अन्यथा दिवाणी दावा हा मार्ग आहे. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये प्रसूतीनंतरच्या नसबंदी शस्त्रक्रियेत पोटात कापड राहून एक माता दगावली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाला जबाबदार धरले. त्या कुटुंबाला तेहतीस वर्षे लागली, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. शासनावर दावा करण्यापूर्वी सामान्यतः दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि मुदतीचा हिशेबही वेगळा असतो, म्हणून बहिणीने याच आठवड्यात स्थानिक वकिलांना भेटावे. वकिलांचे शुल्क परवडत नसेल, तर स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.