राग ओळखा : नुसतं नाव सांगितलं की कोडं सुटलं का?

मंद्रपंचम

आम्ही काही संगीतवेडे दर रविवारी एकमेकांना ऑनलाइन कोडी घालतो. अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकवायचा आणि राग कोणता, कोण गातंय, घराणं कुठलं ते ओळखायचं. मी यात मनापासून रमतो, म्हणूनच एक मागणी मांडतोय. नुसतं नाव लिहिलेलं उत्तर बाद धरा. 'मारवा' एवढं लिहून भागू नये, मारवा कशावरून ते सांगा.

मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचे स्वर तेच. रे म्हणजे ऋषभ कोमल, म म्हणजे मध्यम तीव्र, प म्हणजे पंचम वर्ज्य, घ्यायचाच नाही. पेटीवर स्वर शोधून इथवर कुणीही पोचेल. पुढचं काम कानाचं. षड्ज (सा) चुकवत ऋषभ-धैवतावर (रे-ध) मुक्काम चाललाय का? मग मारवा. गाणं मंद्रात, खालच्या सप्तकात, उतरून गंधार-निषादाभोवती (ग-नी) फिरतंय? पूरिया. तार षड्जाला, वरच्या सा ला, बिलगून उत्तरांगातच, सप्तकाच्या वरच्या अर्ध्यातच, खेळतंय? सोहनी. हे ज्याने लिहिलं त्याने ऐकलंय. नुसतं नाव लिहिणाऱ्याने ऐकलं की मोबाइलला विचारलं, हे कळायला मार्ग नाही.

आणि कृपा करून 'व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत कोणाचा आवाज?' हा प्रश्न आता थांबवा. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली अंतराळात गेली, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यांचा ललितागौरी राग किती जणांनी ऐकलाय? गोव्यातल्या केरी गावची ही बाई जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं शिकली, त्या तालमीचं जे काही ध्वनिमुद्रणात उरलंय ते सोडून आपण यानाचंच कौतुक करत बसतो.

ठाण्याची_तंबोरी

दादा, दुसऱ्या मुद्द्याला माझा कडक विरोध. मी केसरबाईंपर्यंत त्याच प्रश्नामुळे पोचले. घरात गाण्याचा गंध नव्हता. कोड्याचं उत्तर शोधताना वाचलं की व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला, अकराच दिवसांनी. मग त्यांना ऐकल्याशिवाय राहवेना. तिथून त्याच घराण्यातल्या मोगूबाई कुर्डीकर, तिथून मल्लिकार्जुन मन्सूर. तुमच्यासाठी तो प्रश्न शिळा असेल, नव्या माणसाला आत यायला तेच दार आहे. ते बंद करू नका.

कणसूर

मी तर 'राग कोणता' या पहिल्या प्रश्नावरच आक्षेप घेते. रागाचं नाव कळलं की बहुतेकांचं ऐकणं तिथेच संपतं. 'भूप आहे' म्हणायचं आणि पुढच्या तुकड्याकडे वळायचं. किशोरीताई आमोणकर रागाच्या भावाबद्दल आयुष्यभर बोलत राहिल्या. त्यांचा भूप ऐकताना गंधार कसा लावलाय हे ऐकायचं की गुण मिळवायचे?

शिवाय अर्ध्या मिनिटात राग कळतो ही समजूतच चुकीची आहे. सा रे ग प ध एवढ्या स्वरांतली वेगातली एक तान द्या. ती भूपातली असेल, देशकारातली असेल, शुद्धकल्याणाच्या आरोहातलीही, चढत्या स्वरांतलीही, असेल. भूपात गंधाराचं राज्य, देशकारात धैवताचं, एक संध्याकाळचा तर दुसरा सकाळचा. पण हे उलगडायला संथपणे राग मांडणारा आलाप लागतो, निवांत विलंबित लय लागते. तान तोडून 'ओळखा' म्हणणं हा रागावर अन्याय आहे.

मंद्रपंचम

कणसूर, तुम्ही तर माझीच बाजू भक्कम केलीत. तुकडे मोठे करू, तानांऐवजी आलाप देऊ, कबूल. पण नाव कळल्यावर ऐकणं संपतं हे मला मान्य नाही. आकाशवाणीवर निवेदक राग आणि ताल आधीच सांगतो आणि आपण पाठ टेकून ऐकतो. तेच नाव लपवलं की माणूस पुढे सरकून बसतो. हे पुढे सरकणं मला मोलाचं वाटतं.

पंचगंगेकाठी

कारण सांगण्याची सक्ती मला खटकते. माझ्या आईचं वय ७८. वादी-संवादी, पूर्वांग-उत्तरांग हे शब्द तिला ठाऊक नाहीत. पण यमनाचा तुकडा लावला की ती म्हणते, "हे 'नाथ हा माझा'सारखं चाललंय." बिहाग लावला की 'मम आत्मा' गुणगुणते. ही 'स्वयंवर' या संगीत नाटकातली पदं, १९१६ सालची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. महाराष्ट्रातल्या किती घरांत राग असेच शिरले! भातखंड्यांचे दहा थाट, म्हणजे रागांचे गट, पाठ नसलेली माणसं तुमच्या नियमामुळे गप्प बसतील आणि कोड्यांत फक्त परीक्षा दिलेले उरतील.

आणि 'बरोबर उत्तर' एकच कसं धरता? मालकंसात ऋषभ-पंचम नाही असं सगळी पुस्तकं सांगतात. जयपूर-अत्रौलीवाले 'संपूर्ण मालकंस' या प्रकारात दोन्ही घेतात. तिथे पंचम ऐकून 'मालकंसाशी संबंध नाही' म्हणणाऱ्याला तुमच्या हिशेबात कारणासकट गुण मिळतील, आणि तो चुकलेला असेल.

मंद्रपंचम

आईंचं उत्तर मी पूर्ण गुणांनी घेईन. ओळखीचं पद आठवणं हे कारणच आहे, तेही अस्सल. मला परिभाषा नको, खूण हवी. संपूर्ण मालकंसाचं म्हणाल तर अशाच कोड्यांवर वाद व्हावा. तो पंचम कसा येतो, कुठून येतो यावर चार जण बोलले तर रविवार सार्थकी लागला.

ठाण्याची_तंबोरी

पदांवर फार विसंबू नका मात्र. रंगभूमीवर प्रसंगासाठी राग वाकवलेले असतात, आणि पदात चाललेला स्वर ख्यालात, मैफलीतल्या रागगायनात, चालेलच असं नाही. मी यामुळे बऱ्याचदा फसलेय.

न्यूजर्सीचा_श्रोता

इथे चांगली मैफल वर्षातून दोन-तीनदा, तीही गाडीने तासभर लांब. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव आम्ही फोटोंत बघतो. समोरच्याने दाद दिलेली ऐकू येईल अशी माझी एकच जागा म्हणजे ही कोडी. नियम काहीही करा, ती बंद पाडू नका.

कणसूर

बंद करा असं मी म्हणतच नाही. पुढच्या रविवारी मला पाळी द्या. मी अख्खा बडा ख्याल, म्हणजे विलंबित लयीतला ख्याल, पाठवीन, राग आणि कलाकार आधीच सांगीन. प्रश्न एकच : गाण्यातल्या कुठल्या जागेवर, कुठल्या स्वराकृतीवर, थांबलात, आणि का?

मंद्रपंचम

जरूर पाठवा, मी पहिला ऐकीन. पण त्याला मी कोडं म्हणणार नाही. तिथे चुकायची सोय नाही, आणि मारव्याला पूरिया म्हणून चुकलो तेव्हाच मी दोन्ही पहिल्यांदा नीट ऐकले.

कणसूर

मग सोय करते. कलाकार सांगीन, राग सांगणार नाही. पण जागेचं उत्तर आधी द्यायचं, रागाचं नंतर.