नेम युनिटी ॲटम की ॲटम हेडफोन एडिशन? घरात स्पीकरही आहेत आणि हेडफोनही

खर्ज_षड्ज

दोन पेट्यांत घोडं अडलंय. नेम कंपनीचा, इंटरनेटवरून गाणी वाजवणारा साधा युनिटी ॲटम आणि त्याचाच हेडफोन एडिशन. दिसायला जुळे, ॲप एकच, वरचं गोल चाकही तेच.

हाताशी असलेलं सामान असं: सेनहायझर एचडी ६५०, हायफायमन सुंदरा, आणि ८ ओमचे छोटे पॅसिव्ह (आत ॲम्प नसलेले) स्पीकर (१ वॅटला एका मीटरवर ८७ डेसिबल). स्पीकरपासून बसण्याची जागा अडीच मीटर. खोली १२ बाय ११ फूट. टीव्हीचा आवाजही याच पेटीतून हवाय. रात्री दहानंतर फक्त हेडफोन, म्हणजे साधारण निम्मं ऐकणं हेडफोनवरच.

प्रश्न:
१. साध्या ॲटमचं ३.५ मिमी सॉकेट या दोन हेडफोनना पुरेल का?
२. हेडफोन एडिशन घेतला तर स्पीकरसाठी काय करावं लागेल?
३. बॅलन्स्ड (प्रत्येक कानाला दोन स्वतंत्र तारांच्या) केबलवर पैसे घालण्यात अर्थ आहे का, की नुसती हौस?

दोन्ही वापरलेले मिळतायत, पुण्यात आणि इंग्लंडहून येणाऱ्या नातेवाइकाकडूनही.

---

धागा_आणि_तार

आधी दोघांत खरा फरक कुठे आहे ते सांगतो. जाहिरात वाचून वाटतं की हेडफोन एडिशन म्हणजे ॲटम अधिक चांगला हेडफोन ॲम्प. तसं नाही. एक गोष्ट काढून दुसरी घातली आहे.

साधा ॲटम (२०१७) हा पूर्ण ॲम्प्लिफायर आहे: ८ ओमवर दर चॅनलला ४० वॅट, मागे स्पीकरची टर्मिनल, पुढे ३.५ मिमी हेडफोन. २०२१ च्या हेडफोन एडिशनमधून स्पीकरचा ॲम्प पूर्ण गेला. त्या जागी हेडफोनसाठी वेगळा ॲम्प आणि त्याला साजेसा ट्रान्सफॉर्मर आला. सॉकेटं तीन: ६.३ मिमी, ४-पिन एक्सएलआर आणि ४.४ मिमी पेंटाकॉन. मागच्या बाजूला प्री-आउट (बाहेरच्या ॲम्पकडे सिग्नल देणारं सॉकेट) आरसीएसोबत एक्सएलआरचाही मिळतो; साध्या ॲटमला तो फक्त आरसीएचा आहे.

स्ट्रीमिंगचा भाग दोघांत सारखाच धरा: ३२ बिट/३८४ किलोहर्ट्झपर्यंत पीसीएम (साधा डिजिटल आवाज), डीएसडी १२८ (दुसरा एक डिजिटल प्रकार), रून रेडी (रून या संगीत-सॉफ्टवेअरशी जुळणारा), क्रोमकास्ट, एअरप्ले, स्पॉटिफाय कनेक्ट. त्यामुळे "हेडफोन एडिशनचा डॅक (डिजिटलचं ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग) सरस असतो" असं दुकानदार म्हणाला तर मान डोलवा आणि पुढे चला.

टीव्हीचं मात्र नीट बघा. साध्या ॲटमला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज पेटीत आणणारं सॉकेट) मिळतो, पण सुरुवातीच्या काळात तो पर्यायी होता. वापरलेला घेताना पाठीचा फोटो मागवा, सॉकेट आहे का ते डोळ्यांनी पाहा. हेडफोन एडिशनला एचडीएमआय नाहीच, टीव्ही ऑप्टिकलने जोडावा लागतो. चालतं, पण टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होणार नाही. आणि दोन्ही पेट्या डॉल्बी उलगडत नाहीत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउट "पीसीएम" केलं नाही तर काहीच ऐकू येणार नाही किंवा नुसती खरखर येईल. "ऑप्टिकल बिघडलंय" म्हणून येणाऱ्या तक्रारींत हेच कारण फार वेळा निघतं.

तुमच्याकडे पॅसिव्ह स्पीकर आहेत. हेडफोन एडिशन घेतलात तर त्यांना वेगळा पॉवर ॲम्प लागेल. म्हणजे प्रश्न एका पेटीचा राहत नाही, खर्च दोन पेट्यांचा आणि केबलींचा होतो. ॲटमचे ४० वॅट तुमच्या खोलीला भरपूर आहेत. ८७ डेसिबलच्या स्पीकरवर ४० वॅटला एका मीटरवर १०३ डेसिबल, अडीच मीटरवर साधारण ८ ने कमी, दोन स्पीकर आणि भिंतींचं धरून पुन्हा थोडं वर. फ्लॅटमध्ये त्याच्या आधीच शेजारी बेल वाजवतील.

---

ओहमचा_नियम

पहिल्या प्रश्नाला आकड्यांनीच उत्तर देतो, कारण "पॉवर पुरते का" या वादात व्होल्ट आणि अँपिअर यांची कायम गल्लत होते.

संगीतातल्या सर्वांत मोठ्या क्षणी ११० डेसिबल लागतात असं धरू. एवढं सलग ऐकायचं नाही, कान जातील. हा फक्त क्षणिक उंचीचा हिशेब आहे.

एचडी ६५०: ३०० ओम, १ व्होल्टला १०३ डेसिबल. वर ७ डेसिबल हवेत, म्हणजे २.२४ व्होल्ट. करंट जेमतेम ७.५ मिलिअँपिअर, पॉवर सुमारे १७ मिलिवॅट.

सुंदरा: ३७ ओम, १ मिलिवॅटला ९४ डेसिबल. वर १६ हवेत, म्हणजे ४० मिलिवॅट. व्होल्टेज फक्त १.२, पण करंट ३३ मिलिअँपिअर.

एकाला व्होल्टेज हवं, दुसऱ्याला करंट. तुमची जोडी परीक्षेला चांगली आहे.

हेडफोन एडिशनचा आकडा १६ ओमवर १.५ वॅट. त्यावरून व्होल्टेज येतं ४.९ आणि करंट ३०० मिलिअँपिअरच्या थोडं वर. एचडी ६५० साठी जवळजवळ ७ डेसिबल शिल्लक, सुंदरासाठी १२. आरामात. हायफायमनचा सुस्वरा (८३ डेसिबल, ६० ओम) असता तर ११० ला ५.५ व्होल्ट लागले असते, म्हणजे याच हिशेबाने पेटी काठावर आली असती. ज्यांच्याकडे तसला हेडफोन आहे त्यांनी "हेडफोन एडिशन आहे म्हणजे काहीही चालवेल" असं समजू नये.

आता साधा ॲटम. एचडी ६५० त्यावर ऐकायला बरा लागतो, अडत नाही. सुंदरावर घाई करू नका, ही चाचणी घ्या: हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेलं काहीतरी लावा. जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण किंवा पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा, आजचं सिनेगीत नको. ॲटमवर आवाज ० ते १०० मध्ये दिसतो. तुमच्या पसंतीच्या पातळीला आकडा ७५ च्या पुढे जात असेल तर सॉकेटचा हात आखडलाय. ६० च्या आसपास भागत असेल तर त्या सॉकेटची काळजी सोडा.

आणि ६.३ ते ३.५ चा तो ताठ धातूचा जोड वापरू नका. लांब दांडा होतो, केबलीचं वजन सॉकेटवर येतं आणि काही महिन्यांत एका कानाचा आवाज ये-जा करू लागतो. दहा-पंधरा सेंटिमीटरची लवचीक जोडकेबल घ्या.

---

जॅकपट्टी

तिसरा प्रश्न. बॅलन्स्ड.

केबलीमुळे आवाज "उघडतो" वगैरे बाजूला ठेवा. बॅलन्स्डमध्ये प्रत्येक कानाच्या दोन्ही तारांना ॲम्प उलट दिशांनी ढकलतो. त्यामुळे व्होल्टेज दुप्पट मिळू शकतं, म्हणजे ६ डेसिबल. एचडी ६५० सारख्या जास्त ओमच्या हेडफोनला याचा उपयोग आहे. कमी ओमवर करंटची मर्यादा आधी येते, शिवाय ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्सही (ॲम्पचा स्वतःचा आतला विरोध) दुप्पट होतो, म्हणून तिथे फायदा आटतो. दोन मीटरच्या हेडफोन केबलीत बाहेरची खरखर कमी होते म्हणून बॅलन्स्ड घ्या, हे कारण मात्र पोकळ आहे. ते मायक्रोफोनच्या लांब केबलींना लागू.

एचडी ६५० च्या दोन्ही कानांना स्वतंत्र तारा सुटतात, केबल बदलली की काम झालं. सुंदराचंही तसंच, दोन्ही बाजूंना ३.५ मिमी. एकेजी के७०२ सारख्या एकाच बाजूने केबल येणाऱ्या हेडफोनला ३-पिनचा छोटा एक्सएलआर असतो, परतीची तार सामायिक. तो उघडून तारा बदलल्याशिवाय बॅलन्स्ड होत नाही. बाजारात त्यासाठी "बॅलन्स्ड केबल" विकणारे आहेत, त्यांना लांबूनच नमस्कार.

केबल स्वतः बनवणार असाल तर ४-पिन एक्सएलआरची मांडणी: १ डावा अधिक, २ डावा उणे, ३ उजवा अधिक, ४ उजवा उणे. ४.४ मिमीला टोकापासून तोच क्रम, शेवटचा मागचा भाग ग्राउंडचा, तो हेडफोनच्या बाजूला मोकळा सोडायचा. डाग (सोल्डर) दिल्यावर मल्टिमीटरने २ आणि ४ यांच्यात कंटिन्युइटी तपासा. बीप झाला तर कुठेतरी दोन उणे तारा एकत्र आल्या आहेत, लावू नका.

यातूनच सर्वांत महत्त्वाचं: बॅलन्स्ड सॉकेटमध्ये जोड लावून साधा ६.३ मिमीचा हेडफोन कधीही घालू नका. तसा जोड डाव्या आणि उजव्या उणे तारा एकत्र करतो. बॅलन्स्ड ॲम्पमध्ये त्या तारा ग्राउंड नसतात, त्यांवर चालू सिग्नल असतो. दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. उलटं, म्हणजे बॅलन्स्ड केबलचा हेडफोन जोड लावून साध्या ६.३ सॉकेटमध्ये, हे बिनधास्त चालतं. म्हणून एकच केबल ठेवायची असेल तर ४-पिनची ठेवा आणि तिला साध्याचा जोड करा.

---

ओहमचा_नियम

वर एक दुरुस्ती जोडतो. आउटपुट इम्पीडन्स दुप्पट होण्याची भीती सुंदराला नाही. तो प्लेनर, म्हणजे सपाट पडद्याचा हेडफोन आहे, आणि अशांचा इम्पीडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सींना जवळपास सपाट असतो, त्यामुळे आवाज थोडा कमी होईल पण पोत बदलणार नाही. एचडी ६५० चा इम्पीडन्स खर्जात १०० हर्ट्झच्या आगेमागे ३०० वरून ५०० ओमच्या आसपास चढतो. तिथे जास्त आउटपुट इम्पीडन्सचा ॲम्प (जुने व्हॉल्व्हवाले) खर्ज फुगवतो. काहींना तो आवडतो. आवडणं वेगळं, बरोबर असणं वेगळं.

---

खर्ज_षड्ज

आभार. मग तिसरा मार्ग कसा? साधा ॲटम स्पीकरसाठी आणि टीव्हीसाठी, आणि त्याच्या प्री-आउटवर वेगळा हेडफोन ॲम्प. की हेडफोन एडिशन घेऊन स्पीकरच बदलून ॲक्टिव्ह (आतच ॲम्प असलेले) घ्यावेत?

---

धागा_आणि_तार

पहिला मार्ग तुमच्या सामानाला बसतो. दोन भानगडी लक्षात ठेवा.

एक, प्री-आउटची पातळी चाकाबरोबर वर-खाली होते. दोन व्हॉल्यूम एकामागे एक येतात. हेडफोन ॲम्पचा खटका कमी गेनवर (आवाज कमी वाढवणाऱ्या जागी), त्याचं बटण अर्ध्यावर, आणि रोजचं नियंत्रण ॲटमच्या चाकाने. उलट केलंत, म्हणजे ॲटम ९० वर आणि ॲम्प तळाशी, तर कुणीतरी चुकून स्पीकर जोडलेले असताना प्ले दाबलं की काय होईल ते सांगायला नको. प्री-आउट चालू असताना स्पीकरही वाजतच राहतात. पुढच्या ३.५ सॉकेटमध्ये जॅक घातला की ते गप्प होतात, पण प्री-आउटसुद्धा गप्प होतो, म्हणून ती युक्ती इथे कामाची नाही. रात्री स्पीकर बंद ठेवायला टर्मिनलला खटक्याची स्पीकर-पेटी लावा किंवा सरळ बनाना प्लग उपटा. प्लग उपटल्यावर उघडी टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

दोन, गुणगुण. दोन्ही पेट्या अर्थिंगच्या तीन पिनांच्या असतील आणि वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर ग्राउंड लूप होतो, ५० हर्ट्झची घूं येते. दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर घ्या. तरीही आली तर टीव्हीची डिश किंवा केबलवाल्याची कोॲक्स काढून बघा, बऱ्याचदा चोर तिथे सापडतो. टीव्ही ऑप्टिकलने जोडला तर तो मार्गच तुटतो. अर्थ पिन कापून गुणगुण घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

ॲक्टिव्ह स्पीकरचा मार्ग हेडफोन एडिशनला मात्र फारच शोभतो. एक्सएलआर प्री-आउट थेट स्टुडिओ मॉनिटरमध्ये, मधे काही नाही. ज्यांच्याकडे अजून स्पीकरच नाहीत त्यांना मी हाच रस्ता सांगेन. तुमचे पॅसिव्ह चांगले चालत असतील तर विकून नवे घेण्यात नुसती पदरमोड.

---

बिनखंड

गाणी कुठून येणार याचा विचार कुणी केला नाही. टायडल आणि कोबझ ही दोन्ही नावं पेटीच्या खोक्यावर झळकतात, पण दोघांची सेवा भारतात अधिकृतपणे नाही. इथे राहते ते स्पॉटिफाय कनेक्ट, ॲपल म्युझिक (आयफोनवरून एअरप्लेने, अँड्रॉइडवरून क्रोमकास्टने), इंटरनेट रेडिओ आणि स्वतःच्या फाइली.

स्वतःच्या फाइलींची सोय दोन्हींत उत्तम. फ्लॅकचा पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क यूएसबीला लावा, नाहीतर नॅसवरून (घरच्या नेटवर्कवरच्या डिस्कवरून) घ्या. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना एक सूचना: सीडीवर विलंबित आणि द्रुत दोन ट्रॅकमध्ये तोडलेले असतात. नेमच्या ॲपमधून फाइली वाजवल्या तर जोड कळत नाही. फोनवरून क्रोमकास्ट केलं तर मधे गप्प जागा येते आणि तानपुरा तुटतो. इतकं खटकतं की डॅकच्या चर्चेला अर्थ उरत नाही.

नेटवर्क शक्य तर केबलीने द्या. वाय-फायवरच चालवायचं तर राउटर पेटीला चिकटून ठेवू नका. रिमोट झिगबी या रेडिओ पद्धतीवर चालतो, तोही २.४ गिगाहर्ट्झवरच, आणि मग बटण दोनदा दाबावं लागतं.

---

जॅकपट्टी

वापरलेला घेताना:

इंग्लंडहून येणारा २३० व्होल्टचाच असेल, फक्त १३ अँपिअरचा चौकोनी प्लग निघेल. पाठीला संगणकासारखंच तीन पिनांचं सॉकेट असतं, अर्थ असलेली भारतीय केबल लावा. अमेरिकेतून कुणी आणत असेल तर पाठीवरचा व्होल्टेज वाचूनच हो म्हणा. आत रेखीय पुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर आहे, मोबाइलच्या चार्जरसारखं कुठल्याही व्होल्टेजवर चालणारं काही नाही.

पेटीतूनच (स्पीकरमधून नव्हे) मंद गुंजन येत असेल तर लगेच नाकारू नका. त्याच घरात हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर असला किंवा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असला तरी गोल ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. दुसऱ्या वेळी, सरळ महावितरणच्या विजेवर ऐका.

रिमोट सोबत आहे आणि जोडलेला आहे हे बघा. ॲपमधून फर्मवेअर अद्ययावत करून, मग फॅक्टरी रीसेट समोरच करून घ्या, म्हणजे आधीच्या मालकाची खाती जातात आणि पेटी नव्याने नेटवर्क पकडते का तेही कळतं. साध्या ॲटमच्या ३.५ सॉकेटमध्ये जॅक घालून हळूच फिरवा. चरचर झाली तर किंमत उतरवायला तेवढं कारण पुरेसं आहे. हेडफोन एडिशनची तिन्ही सॉकेटं तपासायला तुमची ४-पिनची केबल, वर सांगितलेला साध्याचा जोड आणि ४.४ मिमीचा बॅलन्स्ड जोड सोबत न्या, विकणाऱ्याकडे बहुतेक नसतो.

आणि रीसेटनंतर ॲपमध्ये कमाल आवाजाची मर्यादा पुन्हा घालायला विसरू नका, तीही पुसली जाते.