मदत हवी आहे: सैन्य मागे घ्यायचे की नाही? (तातडीचे! शनिवारच्या आत)

तिरपी_रेघ (मंगळवार, रात्री ११.४०)
नमस्कार मंडळी. शनिवारी वादविवाद आहे. विषय परक्या देशातल्या लढाईतून आपलं सैन्य मागे घेण्याचा. आम्हाला विरोधाची बाजू आली आहे, म्हणजे घेऊ नये. मुद्दे हवेत, पटापट. शोधलं की सगळं अफगाणिस्तानच येतंय, ते नकोय. राजीव गांधींच्या हत्येचा मुद्दा शेवटी टाकायचं ठरलंय, तो दणक्यात बसेल. बाकीची पाच मिनिटं भरायची आहेत. "आधी भरपूर वाचा" असले सल्ले प्लीज नकोत.

नकाशेवाला
राजीव गांधींवरून श्रीलंका आणि १९८७ ला तिथे गेलेली भारताची शांतिसेना असं धरून चालतो. तसं असेल तर तीन गोष्टी सांगा, त्याशिवाय एकही मुद्दा देता येणार नाही. ठरावाचे नेमके शब्द काय? सभागृह आजचं आहे की त्या काळातलं? त्या काळातलं असेल तर तारीख कोणती?

खमंग_काकडी
अफगाणिस्तान नको म्हणता, पण माघारीचा अभ्यास तिथूनच सुरू होतो. सोव्हिएत फौजा बघा. १४ एप्रिल १९८८ ला जिनिव्हा करार, १५ मे पासून माघार, १५ फेब्रुवारी १९८९ ला जनरल ग्रोमोव अमू दर्यावरचा पूल ओलांडून सोव्हिएत हद्दीतल्या तेरमेझला उतरले. नऊ महिन्यांचं वेळापत्रक आधी जाहीर आणि ते पाळलंही. आणि गेल्यावर काय झालं? त्यांनी मागे ठेवलेले काबूलचे राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला १९९२ ला पडले. हाच मुद्दा घ्या, सैन्य गेलं की मागचं सरकार पडतं. बास.

तिरपी_रेघ
हो श्रीलंकाच, लिहायचं राहिलं का? सॉरी. अभिरूप संसद आहे. मी परराष्ट्रमंत्री. तारीख २६ जुलै १९८९, लोकसभा. ठराव असा: "या सदनाच्या मते भारताने श्रीलंकेतील शांतिसेना विनाशर्त मागे घ्यावी." आता तरी मुद्दे द्या दादा लोकहो.

नकाशेवाला
आता जमलं. आणि आता तुमचा शेवटचा दणका आधी खोडून टाका. राजीव गांधींची हत्या २१ मे १९९१ ची, श्रीपेरुंबुदूरची. २६ जुलै १९८९ ला ते पंतप्रधान आहेत आणि तुम्ही त्यांच्याच मंत्रिमंडळात आहात. तो मुद्दा तोंडातून निघाला की परीक्षक तिथेच लाल रेघ मारणार.

वापरता येणाऱ्या तारखा कागदाच्या डाव्या बाजूला एकाखाली एक लिहून काढा:
४ जून १९८७, उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्यावर भारताने विमानांतून मदत टाकली.
२९ जुलै १९८७, कोलंबोत भारत-श्रीलंका करार.
ऑक्टोबर १९८७, शांतिसेना आणि एलटीटीई (वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना) यांच्यात लढाई सुरू.
नोव्हेंबर १९८८, उत्तर-पूर्व प्रांतिक परिषदेची निवडणूक. उत्तरेतल्या जागा बिनविरोध गेल्या, ते समोरचे काढणारच.
२ जानेवारी १९८९, प्रेमदासा श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष.
१ जून १९८९, प्रेमदासांचं जाहीर भाषण: शांतिसेना २९ जुलैपर्यंत गेली पाहिजे.
१३ जुलै १९८९, कोलंबोत तमिळ नेते अमिर्तलिंगम यांची हत्या.
२६ जुलैनंतरचं सगळं कागदाच्या मागे. मागची बाजू उलटायची नाही.

पाटीपेन्सिल
नकाशेवाले, खमंग यांचा मुद्दाही मागच्या बाजूलाच जाईल. १९८९ च्या जुलैत नजीबुल्ला खुर्चीवर आहेत. मार्चमध्ये त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या मुजाहिदीनांनी जलालाबादवर हल्ला चढवला, शहर काही पडलं नाही. म्हणजे त्या दिवशी हे उदाहरण समोरच्यांच्या कामाचं: "रशियन गेले, सरकार टिकलं, मग तुम्ही का थांबलात?" तिरपी_रेघ यांनी हे उदाहरण स्वतःहून काढू नये. समोरून आलं तर एवढंच म्हणावं की काबूलच्या सरकारकडे स्वतःची फौज आणि रणगाडे आहेत, उत्तर-पूर्वेचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ यांच्या प्रांतिक परिषदेकडे पोलीस खात्याचे अधिकारसुद्धा कोलंबोने सोडलेले नाहीत.

खमंग_काकडी
उदाहरण उदाहरण असतं. इतका किस पाडायचा तर बोलायचंच कशाला.

गडकोट_७१
मूळ चूक आधी समजून घ्या. ११-१२ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने माणसं उतरवली. एलटीटीईचा प्रमुख प्रभाकरन याला बैठकीतच पकडायचा बेत होता, पण एलटीटीईला आधीच सुगावा लागला होता. पॅरा कमांडोंच्या मागून १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जण उतरले, पुढची हेलिकॉप्टरं गोळीबारामुळे येऊ शकली नाहीत. ३० पैकी २९ गेले, एक जिवंत एलटीटीईच्या हाती लागला. दारूगोळा तेवढाच होता जेवढा अंगावर होता.

पाटीपेन्सिल
माहिती बरोबर आहे, पण कसं लढलो हे कुणी विचारलेलं नाही. प्रश्न परत कसं यायचं हा आहे.

गडकोट_७१
कसं लढलो हे कळल्याशिवाय परत कसं यायचं हे कळत नाही, साहेब.

कलम_कसाई
कायद्याचं कुणीच बोलेना, म्हणून. तुमची बाजू इथे सगळ्यात कच्ची आहे, तेव्हा नीट ऐका.

कराराच्या जोडपत्रातलं कलम ६ म्हणतं की युद्धबंदीची हमी आणि अंमलबजावणी यांसाठी श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष भारतीय शांतिसेनेला निमंत्रण देऊ शकतील. करारातलं २.१६ (क) म्हणतं की श्रीलंका सरकारने मागितली तर आणि मागितली तेव्हा भारत लष्करी मदत देईल. दोन्हीकडे आधार एकच, यजमानाचं बोलावणं. बोलावणारा "निघा आता" म्हणाला की तुम्ही कोण? समोरचा अभ्यासू असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा १९७४ चा ठराव ३३१४ काढेल. त्यात आक्रमणाची व्याख्या आहे आणि कलम ३ (ई) मध्ये साफ लिहिलंय की संमतीने दुसऱ्या देशात असलेलं सैन्य त्या संमतीची मुदत संपल्यावर तिथेच ठेवणं हेही आक्रमणच.

नकाशेवाला
पण २.१४ सोडलंत तुम्ही. भारत या तोडग्याची हमी घेतो आणि अंमलबजावणीत सहकार्य करतो, असं त्यात आहे. जामीन राहिलेल्या माणसाला कर्जदार एकटा "तू मोकळा" म्हणू शकत नाही.

कलम_कसाई
जामीन राहिलात म्हणून कर्जदाराच्या घरात मुक्काम ठोकायचा हक्क मिळत नाही. २.१४ मध्ये सैन्य हा शब्दच नाही.

नकाशेवाला
मान्य, नाही. म्हणून तर मी "राहायचा हक्क आहे" असं म्हणायला सांगतच नाहीये. तिरपी_रेघ, इथे नीट लक्ष द्या, सगळा डाव इथेच आहे. सरकारची भूमिका "जाणार नाही" अशी कधीच नव्हती. "जाणार आहोत, पण वेळापत्रक दोघांनी बसून ठरवायचं आणि तमिळांची सुरक्षा व अधिकारांचं हस्तांतर त्याच्याशी जोडायचं" अशी होती. ठरावातला "मागे घ्यावी" हा भाग पहिल्या अर्ध्या मिनिटात मान्य करून टाका. समोरच्यांची निम्मी भाषणं तिथेच वाया जातील. उरलेली साडेचार मिनिटं एकाच शब्दावर: "विनाशर्त".

सायकलची_घंटी
राष्ट्राध्यक्ष मुइझ्झूंनी मालदीवमधून आपली माणसं काढायला लावली ते बघा. १० मे २०२४ ची मुदत होती, आपण पाळली, वर्दीतल्यांच्या जागी तंत्रज्ञ पाठवले, विषय संपला. शेजाऱ्याशी असंच वागायचं असतं.

पाटीपेन्सिल
तिथे शंभरही माणसं नव्हती, दोन हेलिकॉप्टरं, एक विमान. आणि साल २०२४. घंटी वाजवून पुढे जा :)

दाणेवाला_बोळ
काढायला किती दिवस लागतात त्याचा हिशेब मांडा, आकडे परीक्षकांना आवडतात. १ जून ते २९ जुलै म्हणजे ५८ दिवस. त्या वेळी बेटावर आपले सुमारे ४५ हजार. ४५,००० भागिले ५८, रोज पावणेआठशे, म्हणजे रोज एक अख्खी पलटण. तीही रोज लढाई चालू असताना.

आणि माघार म्हणजे नुसतं जहाजात चढवणं नव्हे. फौज छोट्या छोट्या चौक्यांत विखुरलेली असते. वाहनांचा ताफा निघायच्या आधी जवान पायी चालून रस्ता तपासतात, पुरलेले सुरुंग बघतात, मग गाड्या सुटतात. त्या रस्त्यावरच्या चौक्या आधी उठवल्या तर आतल्यांना बाहेर काढणार कोण? म्हणून आतल्या चौक्या आधी, रस्ता धरून ठेवणारे नंतर, बंदर आणि धावपट्टी धरून ठेवणारे सगळ्यात शेवटी. पलालीची धावपट्टी, कांकेसनतुराई आणि त्रिंकोमालीची बंदरं ही ती ठिकाणं. दर दिवशी तुमची संख्या कमी होते, पण धरायचा रस्ता तेवढाच राहतो. सगळ्यात जास्त माणसं शेवटच्या आठवड्यांत धोक्यात येतात. मुदत बाहेरून जाहीर झाली की दबा धरणाऱ्यालाही तो आठवडा आधीच कळतो.

गडकोट_७१
+१. हे मी म्हणणारच होतो.

तिरपी_रेघ
हे भारी आहे!! दाणेवाला काका थँक्यू. (काका ना?) भावनिक मुद्दा काय घेऊ? मेजर परमेश्वरन यांचा घेते आहे. मुंबईत जन्म, ८ महार पलटण, २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत वीरमरण, परमवीर चक्र. "हे बलिदान वाया जाऊ द्यायचं का?" असा शेवट.

पाटीपेन्सिल
नाव घ्या, आदराने घ्या, पण युक्तिवाद म्हणून नको. "इतके गेले म्हणून आणखी थांबा" याला उत्तर अगदी सोपं आहे: "मग आणखी किती गेले की निघणार?" समोरच्याने हे शांतपणे विचारलं की तुमच्याकडे आकडा नसेल. त्याऐवजी अमिर्तलिंगम घ्या. १३ जुलै, म्हणजे तुमच्या भाषणाच्या १३ दिवस आधी. भेटायला येतो म्हणून आलेल्यांनी घरात गोळ्या घातल्या, त्यांचे सहकारी योगेश्वरनही गेले. आणि मे महिन्यापासून एलटीटीईची माणसं कोलंबोत सरकारशी बोलणी करत बसली आहेत. "आम्ही निघाल्यावर तमिळांचं रक्षण कोण करणार?" हा प्रश्न तुम्ही विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता खाली बसायचं.

कलम_कसाई
समोरच्यांचं सगळ्यात चांगलं उत्तरही सांगून ठेवतो. जेव्हीपीने (सिंहली डाव्या बंडखोरांचा पक्ष) "भारतीय फौज" हाच मुद्दा करून दक्षिणेत रान पेटवलंय, भारतीय मालावर बहिष्कार घातलाय. प्रेमदासा दोन आघाड्यांवर अडकलेत. शांतिसेना निघाली की जेव्हीपीची घोषणाच हातातून जाते. म्हणजे तुमचं थांबणं त्यांच्या लोकशाहीला महाग पडतंय. याला तुमच्याकडे उत्तर आहे का?

नकाशेवाला
जेव्हीपीची लढाई शांतिसेना येण्याआधीच सुरू झाली होती, एवढं उत्तर आहे. दुबळं आहे, पण आहे.

खडा_मसाला
सगळं ठीक, पण २६ जुलै १९८९, लोकसभा?? कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? २४ जुलैला बोफोर्सवरच्या कॅगच्या अहवालावरून विरोधी पक्षांच्या शंभरावर खासदारांनी लोकसभेचे राजीनामे दिले. दोन दिवसांनी विरोधी बाकांवरून ठराव मांडणार कोण, खांब?

नकाशेवाला
दंडवत घ्या! माझ्याही नजरेतून सुटलं.

खडा_मसाला
उपाय सोपा आहे. आयोजकांना सांगून राज्यसभा करून घ्या, तिथे विरोधक जागेवर आहेत.

तिरपी_रेघ
पण मी नरसिंह राव आहे आणि ते लोकसभेचे ना? रामटेकचे खासदार असं वाचलं. मग राज्यसभेत कशी बोलू?

कलम_कसाई
घटनेचं कलम ८८. मंत्री कोणत्याही सभागृहात बोलू शकतो, मत फक्त स्वतःच्या सभागृहात. उलट कुणी आक्षेप घेतलाच तर कलम तोंडावर फेका, दोन गुण फुकट.

तिरपी_रेघ (गुरुवार, रात्री १२.१५)
आयोजकांनी राज्यसभा मान्य केली :) सुरुवात लिहिली आहे, बघता का कुणी जागं असेल तर?
"माननीय अध्यक्ष महोदय, आपले शूर जवान परत यावेत असे आम्हालाही वाटते. पण सिंहली सरकारने ५८ दिवसांची मुदत दिली म्हणून आम्ही पळून येणार नाही. आम्ही विनाशर्त माघारीला ठाम विरोध करतो."

नकाशेवाला
जागा आहे. तीन दुरुस्त्या. राज्यसभेत "सभापती महोदय", अध्यक्ष लोकसभेत. "सिंहली सरकार" हा शब्द परराष्ट्रमंत्र्याने उच्चारला तर संध्याकाळी कोलंबोतून निषेध खलिता येईल, "श्रीलंका सरकार" म्हणा. आणि "पळून येणार नाही" काढा, त्याने तुम्ही राहायला आल्यासारखं वाटतं. तिथे लिहा: "येण्याची तारीख दोघांनी ठरवली, जाण्याचीही दोघांनीच ठरवायची."

दाणेवाला_बोळ
येण्याची तारीख दोघांनी ठरवली हे कलम_कसाई यांना चालेल का विचारा आधी.

कलम_कसाई
नाही चालणार. निमंत्रण एकाचंच होतं. "करारावर सह्या दोघांच्या आहेत" एवढंच म्हणा, ते खरं आहे. आणि मिनिटाला ११०-१२० शब्दांच्या वर जाऊ नका. पाच मिनिटांना साडेपाचशे पुरेत, घड्याळ लावून दोनदा म्हणून बघा.

खमंग_काकडी
तरी ग्रोमोवचा पूल घ्यायला हवा होता.