पहिला पेंटबॉल मार्कर घ्यायचाय: ५०० डॉलरमध्ये काय काय बसेल?

टेकडीवाला:
न्यू जर्सीत राहतो. मुलगा सोळा वर्षांचा आहे, महिन्यातून दोनदा जंगलातल्या मैदानावर भाड्याचा मार्कर, म्हणजे वायूच्या दाबाने रंगाच्या गोळ्या मारणारी गन, घेऊन खेळतो. आता स्वतःची हवी म्हणतोय. सगळं धरून ५०० डॉलरच्या वर जायचं नाही. नेटवर शोधताना टिपमन ९८ कस्टम, प्लॅनेट एक्लिप्सची एमेक १०० आणि बॅटरीवर चालणाऱ्या दोन-तीन गन समोर आल्या. काय घ्यावं? कार्बन डायऑक्साइडची टाकी स्वस्त आहे, ती चालेल का? वापरलेली हवेची टाकी घेतली तर काय बघायचं? आणि हिवाळ्यात भारतात जाणार आहोत, तेव्हा मार्कर सोबत नेता येईल का?

चकमक:
गनचं सगळ्यात शेवटी बघा. आधी मास्क.

भाड्याच्या मास्कला बहुतेकदा एकेरी काच असते. दमट हवेत दहा मिनिटांत ती धुरकटते, आणि दिसेनासं झालं की मुलं नकळत मास्क वर सरकवतात. डोळे जातात ते तिथेच. म्हणून दुहेरी, म्हणजे थर्मल लेन्सचाच मास्क घ्या. त्यावर एएसटीएम एफ१७७६ (पेंटबॉलच्या मास्कचं सुरक्षा मानक) लिहिलेलं असलं पाहिजे. स्कीचा किंवा मोटरसायकलचा गॉगल चालत नाही. व्हर्च्यू व्हायो, जेटी प्रोफ्लेक्स, एम्पायर ई-फ्लेक्स यांतला जो चेहऱ्यावर नीट बसेल तो. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा. साधारण सत्तर ते शंभर डॉलर इथे जातील, जाऊ द्या. थर्मल लेन्स पाण्यात बुडवून धुवायची नाही. दोन काचांच्या मधल्या फोमच्या कडेतून पाणी आत शिरतं आणि तो डाग कायमचा राहतो. ओल्या मऊ फडक्याने पुसायची. गोळी जवळून आणि जोरात बसली असेल तर लेन्स बदला, तडा दिसत नसला तरी.

मग मैदानाला फोन करून दोन गोष्टी विचारा. त्यांचा कॉम्प्रेसर हवेची टाकी ३००० पीएसआयपर्यंत (दाबाचं माप) भरतो की ४५०० पर्यंत? आणि गोळ्या बाहेरून आणलेल्या चालतात की त्यांच्याकडूनच घ्यायच्या? दुसरं उत्तर ‘आमच्याकडूनच’ असेल तर खरा खर्च गोळ्यांचा आहे. २००० गोळ्यांचा खोका वेगाने रिकामा करणारी बॅटरीवरची गन मग परवडणारच नाही.

मार्करमध्ये माझं मत एमेक. अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान मिळते. पूर्ण यांत्रिक, बॅटरी नाही, आणि आतला बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा भाग) कमी दाबावर चालतो. गोळी अर्धवट आत आलेली असताना ट्रिगर ओढला तरी तिला तो बहुतेक वेळा चिरत नाही. एकच अट: तिला फक्त हवा. कार्बन डायऑक्साइड लावायचाच नाही.

हिशोब असा लावा: मास्क ८०, एमेक २७०, ४८/३००० ची ॲल्युमिनियमची टाकी ६०, साधा हॉपर (मार्करवरचा गोळ्यांचा डबा) १०, पॉड (जादा गोळ्यांच्या डब्या) आणि कमरेचा पट्टा ३०. साडेचारशे झाले. उरलेल्यात ग्रीस, ओ-रिंगचा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांचा) संच आणि बॅरल सॉक, म्हणजे नळीच्या तोंडावर घालायची पिशवी. सॉक नसेल तर मैदानाच्या बाहेर गन हातात धरू देत नाहीत.

लोहारकाम:
एमेक चांगलीच आहे, पण टिपमन ९८ ला इतकं झटकन बाद करू नका. १९९८ पासून ते डिझाइन चालू आहे, सुटे भाग कुठेही मिळतात आणि दीडशेच्या आसपास मिळते. चिखलात पडली तरी चालते. कार्बन डायऑक्साइड आणि हवा, दोन्ही चालतात.

तोटे सांगतो. हवेचा धक्का हॅमरला (आतला ठोका मारणारा भाग) मागे ढकलून पुढच्या बारासाठी पुन्हा सज्ज करतो, त्यामुळे झटका आणि आवाज जास्त, गोळ्याही एमेकपेक्षा जास्त चिरडतात. साफ करायला मार्करच्या बॉडीचे दोन अर्धे भाग उघडावे लागतात. डावा अर्धा सरळ वर उचलायचा, नाहीतर ट्रिगरची स्प्रिंग उडून गवतात जाते आणि मग शोधत बसा. चादर अंथरून उघडा आणि उघडल्या उघडल्या मोबाइलवर फोटो काढा.

वंगणाची गल्लत होते, म्हणून लिहितो. ९८ ला टाकी लावायच्या तोंडात पेंटबॉलच्याच तेलाचे तीन-चार थेंब, मग गोळ्या न भरता दहा-बारा बार. एमेकला तेल नाही, ग्रीस. ओ-रिंगवर बोटाने पातळ थर, ढीग नको. आणि घरातलं डब्ल्यूडी-४० दोन्हींना नको, रबर फुगतं आणि हवा गळायला लागते.

पाणबुड्या:
टाकीबद्दल.

कार्बन डायऑक्साइड बाटलीत द्रवरूपात असतो, त्याचा दाब तापमानावर ठरतो. २१ अंश सेल्सिअसला साधारण ८५० पीएसआय, शून्याला पाचशेच्याही खाली. म्हणजे न्यू जर्सीच्या नोव्हेंबरात सकाळी लावलेला वेग दुपारी भलताच निघतो. भराभर बार केले तर द्रव मार्करमध्ये शिरतो, ओ-रिंग गोठून कडक होतात, तोंडातून पांढरी वाफ निघते. हवेच्या टाकीत हे होत नाही: रेग्युलेटर ८५० च्या आसपास स्थिर दाब देतो, आतली हवा संपत येईपर्यंत.

आकड्यांचा अर्थ असा: ४८/३००० म्हणजे ४८ घनइंच, ३००० पीएसआय. एका भरणीत साडेचारशे ते पाचशे बार धरा. ६८/४५०० ची कार्बन फायबरची टाकी त्याच्या दुपटीहून थोडी जास्त हवा घेते आणि वजनाला हलकी, पण मैदानावर ३००० च मिळत असेल तर ती दोन-तृतीयांशच भरेल. घाईने भरलेली टाकी गरम होते. थंड झाली की काटा खाली येतो. ती गळती नव्हे, सावकाश भरा. भरायच्या निपलला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. एवढ्या दाबाची हवा त्यावर आदळली की ते पेटू शकतं.

वापरलेली घेताना सगळ्यात आधी हायड्रो-टेस्टची (पाण्याच्या दाबाने टाकी तपासल्याची) तारीख बघा. ॲल्युमिनियमवर खांद्याशी महिना-वर्ष ठोकलेलं असतं, फायबरवर लेबलवर. साधारणपणे चाचणी दर पाच वर्षांनी. फायबरच्या टाकीचं एकूण आयुष्य बहुधा १५ वर्षं. तारीख उलटली असेल तर मैदान भरून देणार नाही. चाचणीचा खर्च धरला तर जुनी ॲल्युमिनियमची टाकी नव्याच्याच किमतीला पडते. फायबरवर नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर घेऊ नका.

आता घरी गेल्यावर पहिलं काम. नेलपॉलिशने एक सरळ रेघ ओढा, अर्धी रेग्युलेटरवर आणि अर्धी बाटलीवर. मार्करमधून टाकी काढताना रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकताना दिसले, तर टाकी मार्करमधून सुटत नाहीये, बाटली रेग्युलेटरपासून सुटतेय. तिथेच थांबा, पुढे फिरवू नका. बाटली रॉकेटसारखी सुटते. यात माणसं मेलेली आहेत.

विमानाचं: अमेरिकेच्या नियमांत मार्कर फक्त चेक-इन बॅगेत जातो, आणि टाकीचा रेग्युलेटर पूर्ण काढून बाटलीचं तोंड उघडं दिसावं लागतं. रेग्युलेटर घरी काढायची वस्तू नाही. शिवाय भारतातल्या कस्टम्सशी हुज्जत घालण्याइतकी गन मोलाचीही नाही. घरीच ठेवा.

टेकडीवाला:
फार उपयोग झाला. एमेक, ४८/३००० आणि मास्क असं ठरतंय. एकच राहिलं: भाड्याच्या गनमध्ये गोळ्या नळीतच फुटायच्या. लांब नळी घेतली तर थांबेल का? आणि पल्ला वाढेल?

चकमक:
दोन्ही नाही. बारा ते चौदा इंच पुरेशी आहे. त्याहून लांब नळीत घर्षण वाढतं आणि तेवढ्याच वेगासाठी हवा जास्त जाते. पल्ला वेगावर ठरतो आणि वेग मैदान ठरवतं: बहुतेक ठिकाणी सेकंदाला २८० फूट, क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) मोजून.

नळीत फुटतात त्याचं कारण बहुधा गोळी आणि नळी यांचं माप जुळत नाही. कॅलिबर (इंचांत व्यास) ०.६८ लिहिलेलं असलं तरी जिलेटिनचं कवच दमट हवेत फुगतं. मार्करमधून काढलेल्या नळीत मागून गोळी टाका. आपोआप घरंगळली तर सैल. जोरात फुंकूनही हलली नाही तर घट्ट. हलक्या फुंकरीने बाहेर आली की बरोबर. दुसरं कारण, आधी फुटलेल्या गोळीचा रंग आत राहतो आणि पुढच्या तीन-चार गोळ्या त्यावर घासून फुटतात. त्यासाठी ओढून पुसायची स्क्वीजी खिशात हवीच.

गोळ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात मऊ पडतात, थंडीत ठिसूळ होतात. घरात ठेवा, खोका दर दोन-तीन दिवसांनी उलटा करा, नाहीतर एका बाजूने चपट्या होतात. चपटी गोळी सरळ जात नाही.

लोहारकाम:
साध्या हॉपरबद्दल एक भर. त्यात गोळ्या स्वतःच्या वजनाने पडतात, त्यामुळे मधूनच अडकतात. आठ-दहा बारांनी मार्कर थोडा हलवायचा, झालं. बॅटरीचा हॉपर मुलाने पुढच्या वाढदिवसाला मागू दे.

(‘गन’ ऐवजी ‘मार्कर’ का म्हणतात असं तो विचारेलच: १९८१ मध्ये न्यू हॅम्पशायरात पहिला खेळ झाला तो झाडांवर आणि गुरांवर खुणा करायच्या नेल्सन कंपनीच्या पिस्तुलाने.)