प्रिझमच्या चष्म्याचं बिल: दोन्हीकडून नकार

नमस्कार मंडळी,

आमच्या ह्यांना मध्यंतरी एकाचे दोन दिसायला लागले. डोळा हलवणारी एक नस दुबळी झाल्याचं निदान झालं आणि डॉक्टरांनी प्रोग्रेसिव्ह (जवळचं-लांबचं एकाच काचेत) काचांत प्रिझम, म्हणजे दोन प्रतिमा एकत्र आणणारी काचेची घडण, घालून दिला. त्या चष्म्याशिवाय जिना उतरता येत नाही, गाडी तर लांबच. आम्ही अमेरिकेत असतो; इथल्या व्हिजन प्लॅनने, म्हणजे चष्म्यापुरत्या वेगळ्या विम्याने, फ्रेम आणि साध्या काचांपुरते पैसे दिले, प्रिझमचे नाकारले. मेडिकल इन्शुरन्सचं पत्र आलं की चष्मा कव्हर होत नाही. आता दाद कुठे मागायची?

– एक सभासद

*

ताई,

मी नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यात बिलिंग करते, असे क्लेम नेहमी हाताखालून जातात. दुकानाकडून आधी ओळवार बिल मागून घ्या. चष्मा एकच असला तरी बिलात त्याचे तुकडे असतात, प्रत्येकाचा कोड वेगळा: फ्रेम व्ही२०२०, प्रोग्रेसिव्ह व्ही२७८१, प्रिझम व्ही२७१५. प्रिझमचे पैसे दर काचेमागे लागतात. सगळं एकाच रकमेत दाखवलं असेल, तर नेमकं काय नाकारलं हेच कळत नाही.

मग प्रिझमच्या ओळीला कोणतं निदान जोडलंय ते बघा. तिथे एच५२.४, म्हणजे आपली साधी चाळिशी असेल, तर मेडिकल इन्शुरन्स ते नेहमीचा चष्मा समजून परत पाठवणारच. दोन दिसण्याचा कोड एच५३.२ आहे, आणि नसेच्या दुबळेपणाला एच४९ मधला वेगळा कोड असतो. डॉक्टरांच्या नोंदीत जे आहे तेच क्लेमवर यायला हवं. नसलेलं निदान घालायला कुणालाही सांगू नका. नोंदीत असूनही क्लेमवर आलं नसेल, तर दुरुस्त क्लेम पाठवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे.

आता खरा मुद्दा. कंपनीकडून प्लॅनचा पूर्ण दस्तऐवज मागवा, चार पानी माहितीपत्रक नव्हे. त्यात वगळलेल्या गोष्टींचं कलम शब्दन्‌शब्द वाचा. 'चष्मे आणि काचा वगळल्या आहेत' असं सरसकट लिहिलं असेल, तर अपिलात फारसा जोर राहत नाही, हे मी स्पष्टच सांगते. पण 'नेहमीची दृष्टीदुरुस्ती' वगळली असेल, तर तिथेच भांडा. आजारामुळे आलेलं दुहेरी दिसणं नेहमीचं नसतं.

डॉक्टरांच्या पत्रात 'चष्मा आवश्यक आहे' एवढंच लिहून भागत नाही. निदान, प्रिझम किती डायॉप्टरचा (हे त्याच्या ताकदीचं माप) आणि त्याचा पाया, म्हणजे जाड कड, कुठल्या दिशेला, त्याच्याविना रोजचं काय अडतं, एक डोळा झाकून ठेवण्याचा उपाय करून बघितला होता का, शस्त्रक्रिया आत्ता का नको, हे सगळं हवं. नकार मिळाल्यापासून अपिलाला साधारण १८० दिवस मिळतात, आणि चष्मा आधीच घेतलेला असेल तर निकाल ६० दिवसांत यायला हवा. तेही फेटाळलं, तर ४ महिन्यांच्या आत बाहेरच्या तटस्थ तपासणीची मागणी करता येते. मात्र वाद वैद्यकीय गरजेचा असेल तरच. निव्वळ करारातल्या वगळणुकीवर ती तपासणी बहुतेक मिळत नाही, म्हणून अपिलात गरजेचाच मुद्दा लावून धरा.

आणखी एक विचारून घ्या. नस सुधारत असेल तर प्रिझमचा नंबर बदलत राहतो. तोवर काचेवर चिकटवायची फ्रेनेल फिल्म मिळते, तिचा कोड व्ही२७१८. नंबर स्थिरावण्याआधी प्रिझम काचेत घासून घेतला, तर तोच खर्च पुन्हा पडू शकतो. जे पदरचे जातील ते एचएसए किंवा एफएसए, म्हणजे औषधोपचारासाठीच्या करमुक्त बचत खात्यांतून, चालतात.

*

ह्याच धाग्यात ज्येष्ठांसाठी थोडं लिहितो. मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा; त्यातला पार्ट बी (डॉक्टर आणि दवाखान्याचा भाग) एरवी चष्म्याला पैसे देत नाही, पण मोतीबिंदू काढून आत लेन्स बसवली की साध्या फ्रेमची एक जोडी देतं. डिडक्टिबलनंतर, म्हणजे आधी आपण भरायची ठरावीक रक्कम संपल्यावर, २० टक्के आपले. दुकान मेडिकेअरकडे नोंदलेलं हवं, नाहीतर काही मिळत नाही. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया एकापाठोपाठ झाल्या आणि मधे चष्मा घेतला नाही, तर दोन्ही मिळून एकच जोडी. नंबर काढायची तपासणी, कोड ९२०१५, मेडिकेअर कधीच देत नाही. आईबाबांना हे आधीच सांगून ठेवा.

*

ताई, काका, मनापासून आभार. ओळवार बिल हातात आलं. प्रिझमसमोर खरंच चाळिशीचा कोड होता, आणि डॉक्टरांच्या नोंदीत नसेचं निदान स्वच्छ लिहिलेलं आहे. दुरुस्त क्लेम पाठवायला सांगितलाय, प्लॅनचा दस्तऐवजही मागवलाय. फ्रेनेलचं पुढच्या तपासणीत विचारते. इन्शुरन्सचं उत्तर आलं की इथेच कळवीन.