पहिलाच स्पीकर घरी बांधायचा आहे: फुलरेंज की टू-वे?

नवशिका

खोली साधारण ३.५ बाय ४ मीटरची, ऐकायची जागा स्पीकरपासून अडीच मीटरवर. ॲम्प्लिफायर ८ ओहमला ४० वॅट देतो. ऐकणं मुख्यतः गायन आणि वाद्यसंगीत. भिंती हादरायला नकोत, पण खालचे सूर पोकळही वाटू नयेत. सोल्डरिंग जमतं, लाकूड सरळ कापता येतं, जिगसॉ आहे, राउटर नाही.

विचार असा आहे की टू-वेसाठी १६ सेंटीमीटरचा वूफर (खालच्या सुरांचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग) आणि एक डोम ट्वीटर (वरच्या सुरांचा) सुटे घ्यावेत आणि ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर २५०० हर्ट्झचा क्रॉसओव्हर (दोघांत सूर वाटून देणारा फिल्टर) काढावा. हे चालेल का? की सगळे सूर एकटाच वाजवणारा फुलरेंज ड्रायव्हर लावून क्रॉसओव्हरची भानगडच टाळावी?

मंद्रसप्तक

कॅल्क्युलेटरचा बेत सोडा. तो ड्रायव्हरला ८ ओहमचा साधा रेझिस्टर समजतो. वूफरच्या कॉइलला स्वतःचं इंडक्टन्स (वरच्या सुरांना अडवण्याचा गुण) असतं, त्यामुळे २-३ किलोहर्ट्झपाशी त्याचा इंपीडन्स (त्या सुराला होणारा एकूण विरोध) ८ च्या बराच वर गेलेला असतो आणि कागदावरचा फिल्टर प्रत्यक्षात वेगळ्याच ठिकाणी, वेगळ्याच उताराने कापतो. त्यात ट्वीटर बहुतेक वेळा वूफरपेक्षा ३-५ डेसिबल जोरात वाजतो. तो रेझिस्टरने दाबला नाही तर गाणाऱ्याचा ‘स’ कानात टोचतो.

तिसरी अडचण कॅल्क्युलेटरला दिसतच नाही. वूफरचा कोन खोलगट असल्यामुळे त्याचा आवाज ट्वीटरच्या मागून निघतो. २५०० हर्ट्झची तरंगलांबी १३.७ सेंटीमीटर. फरक अडीच सेंटीमीटर धरला तरी दोघांत ६५ अंशांचा फेज-फरक पडतो, म्हणजे दोघांच्या लाटा मागे-पुढे होतात. ते नीट जुळवायला मोजमापं लागतात: मायक्रोफोन, रूम ईक्यू विझार्ड (मोजणीचं सॉफ्टवेअर), व्हिट्युइक्सकॅड (क्रॉसओव्हर आखायचं सॉफ्टवेअर). दुसऱ्या-तिसऱ्या प्रकल्पात जरूर शिका, पहिल्यात नको.

म्हणून कुणीतरी मोजून प्रसिद्ध केलेलं टू-वे डिझाइन घ्या आणि जसंच्या तसं बांधा. निवडताना फोटो आणि कौतुक बाजूला ठेवून आलेख पाहा. वूफर, ट्वीटर आणि दोघांची बेरीज असे तीन वेगळे आलेख हवेत, इंपीडन्सचा हवा, बाजूच्या कोनातून घेतलेला हवा. ट्वीटरची जोडणी उलटवल्यावर क्रॉसओव्हरपाशी खोल खड्डा पडलेला दाखवला असेल तर उत्तम, फेज जुळल्याची ती खूण आहे. इंपीडन्स ४ ओहमच्या खाली जात असेल तर तुमच्या ॲम्पला ते झेपतं का, आधी तपासा.

‘तोच वूफर मिळाला नाही, पण त्याच आकाराचा दुसरा मिळाला’ हे मात्र चालत नाही. ड्रायव्हर बदलला की क्रॉसओव्हर बाद.

एक इशारा: शोधताना एलएस३/५ए या बीबीसीच्या जुन्या छोट्या स्पीकरच्या नकला खूप दिसतील. ५ लिटरच्या आसपासची ती बंद पेटी मोहात पाडते, पण तिचे मूळ केईएफ ड्रायव्हर केव्हाच बंद झाले आणि क्रॉसओव्हर गुंतागुंतीचा आहे. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

एकतारी

टू-वेला विरोध नाही, पण फुलरेंजला इतक्या सहज बाद करू नका. १० सेंटीमीटरचा चांगला ड्रायव्हर आणि ६ ते ८ लिटरची पेटी यात गायन फार सुंदर येतं, कारण आवाजाच्या ऐन मधोमध क्रॉसओव्हरचा सांधा नसतो.

मात्र ‘क्रॉसओव्हर नाही म्हणजे काहीच लागत नाही’ हा गैरसमज आहे. पेटीचा दर्शनी भाग २० सेंटीमीटर रुंद असेल तर साधारण ५७५ हर्ट्झच्या खाली (११५ भागिले मीटरमधली रुंदी) आवाज पेटीला वळसा घालून मागे जाऊ लागतो आणि समोरचा बेस कमी पडतो. मोकळ्या जागेत ही घट ६ डेसिबलपर्यंत जाते, भिंतीजवळ कमी. फुलरेंज पातळ, कर्कश वाटतो म्हणून जी तक्रार होते तिचं मूळ बहुतेकदा इथे असतं. उपाय स्वस्त आहे: १ मिलीहेन्रीची कॉइल आणि ४.७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर एकमेकांना समांतर जोडायचे आणि ती जोडी ड्रायव्हरच्या एका तारेत घालायची. ८ ओहमच्या ड्रायव्हरला वरचा भाग सुमारे ४ डेसिबलने खाली येतो.

मर्यादाही सांगतो. या ४ डेसिबलमुळे ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा (ठरावीक वीज दिल्यावर किती जोरात वाजतो ते माप) ड्रायव्हर ८३ सारखा वागतो. तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी सूर एक सप्तक खाली नेला की कोनला चौपट हलावं लागतं, आणि छोट्या कोनकडे तेवढी चाल नसते. शिवाय ३-४ किलोहर्ट्झच्या वर आवाज झोतासारखा सरळ जातो, त्यामुळे दोघं शेजारी बसून ऐकत असाल तर एकाला वरचे सूर कमी मिळतील. एकट्याने, मध्यम आवाजात ऐकणार असाल तर हाच पर्याय. नाहीतर मंद्रसप्तक म्हणतात तेच करा.

रंधा

निर्णय काहीही घ्या, पहिला प्रकल्प फसतो तो सुतारकामात.

१८ मिलीमीटर एमडीएफ घ्या. समजा डिझाइनला १२ लिटर आणि ५० हर्ट्झचं ट्यूनिंग (पोर्ट, म्हणजे पेटीतली हवेची नळी, ज्या सुराला घुमते तो) हवं आहे. पेटी बाहेरून २० × ३४ × ३१ सेंटीमीटर केली की आत १३.६ लिटर मिळतात. वूफर, पोर्ट, भिंतींना आधार देणारी आडवी पट्टी आणि क्रॉसओव्हर मिळून दीड लिटर खातात, हे बरेच जण विसरतात. एका पेटीचे तुकडे: पुढचा-मागचा २० × ३४ चे दोन, बाजू ३४ × २७.४ चे दोन, वर-खाली १६.४ × २७.४ चे दोन. दोन्ही पेट्यांचे सारखे तुकडे करवतीच्या एकाच सेटिंगवर कापून घ्या. जागेच्या सोयीसाठी पेटीची खोली कमी-जास्त करून, उंची त्या प्रमाणात बदलून आकारमान तेच ठेवता येतं, पण पुढच्या भागाची रुंदी आणि ड्रायव्हरच्या जागा हलवू नका, क्रॉसओव्हर त्यावर बेतलेला असतो.

पोर्टचा आतला व्यास ५ सेंटीमीटर असेल तर लांबी १६ सेंटीमीटर येते. एक सेंटीमीटर इकडे-तिकडे झाल्याने ट्यूनिंग जेमतेम हर्ट्झभर सरकतं, त्याची चिंता नको. नळीच्या आतल्या तोंडासमोर निदान ५ सेंटीमीटर मोकळी जागा मात्र हवीच.

राउटर नाही म्हणता, तर ट्वीटरची कड पृष्ठभागाशी सपाट कशी बसवणार? पुढच्या फळीवर फ्लँजच्या (त्या कडेच्या) जाडीचा, साधारण ४ मिलीमीटरचा, वेगळा थर चिकटवा. वरच्या थरात फ्लँजच्या मापाचं भोक, खालच्या फळीत कटआउटच्या मापाचं. जिगसॉ पुरतो. मापं हातात आलेल्या ड्रायव्हरवरून घ्या, कॅटलॉगवरून नव्हे. वूफरच्या भोकाची आतली कड कानशीने ४५ अंशात तासा, नाहीतर १८ मिलीमीटरच्या बोगद्यात कोनमागची हवा कोंडते.

एमडीएफच्या कडेत स्क्रू थेट घातला तर ती हमखास फाटते. आधी बारीक भोक पाडा, किंवा नुसता लाकडाचा डिंक आणि क्लॅम्प वापरा, तेवढा जोड पुरेसा मजबूत होतो. सगळे आतले सांधे बोटाने डिंक फिरवून बंद करा. कापताना मास्क लावाच, ती धूळ वाईट.

नवशिका

सगळ्यांचे आभार. दोघं ऐकणार आहोत, त्यामुळे टू-वे पक्कं. निवडलेल्या डिझाइनच्या आकृतीत ट्वीटरचा प्लस वूफरच्या मायनसकडे दाखवला आहे. ही छपाईची चूक का?

मंद्रसप्तक

चूक नाही, मुद्दाम आहे. दोन्ही बाजूंना सेकंड ऑर्डरचा (दर सप्तकाला १२ डेसिबलचा) उतार असेल तर क्रॉसओव्हरपाशी दोघे १८० अंशांनी उलटे पडतात. ट्वीटर उलटा जोडला की बेरीज जुळते. तुम्ही ‘दुरुस्ती’ केलीत तर गायनाच्या पट्ट्यातच खड्डा पडेल.

क्रॉसओव्हर बांधताना दोन कॉइल एकमेकींना काटकोनात आणि ८-१० सेंटीमीटर अंतरावर ठेवा, वूफरच्या चुंबकापासूनही लांब. ट्वीटरच्या मार्गात पॉलीप्रॉपिलीन कपॅसिटर वापरा. रेझिस्टर गरम होतात, त्यांना एमडीएफला चिकटवून टाकू नका.

ॲम्प जोडण्याआधी टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. वूफर ८ ओहमचा असेल तर ६ ते ७ ओहम दिसायला हवेत. शून्य म्हणजे शॉर्ट, काहीच नाही म्हणजे तार सुटली. ट्वीटर कपॅसिटरमागे असल्यामुळे या मोजणीत दिसत नाही. वूफरची दिशा दीड व्होल्टच्या सेलने क्षणभर तपासा: प्लसला प्लस लावला की कोन बाहेर यायला हवा. हा प्रयोग ट्वीटरवर अजिबात करू नका.

रंधा

+१. वूफरखाली फोमची पट्टी विसरू नका. गळती शोधायला पोर्टचं तोंड तळहाताने घट्ट दाबून कोन हलकेच आत ढकला आणि सोडा. सावकाश परत आला तर पेटी बंद आहे, झटक्यात आला तर कुठेतरी हवा जाते. बहुधा टर्मिनलच्या खाचेतून.

पॉलिस्टरचं अस्तर फक्त भिंतींना लावा, पोर्टच्या तोंडापाशी काही नको. बेस घुमला तर अस्तर वाढवण्याआधी स्पीकर मागच्या भिंतीपासून २०-३० सेंटीमीटर पुढे ओढून बघा.